काळ्या किनारीचं पत्र

रिचर्ड रेडग्रेव्ह या इंग्रज चित्रकाराचं ‘द गव्हर्नेस’ हे चित्र १८४४ सालचं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ते आहे. काळे कपडे घातलेली एक तरुणी खोलीत बसली आहे. नजर खाली, हात मांडीवर आणि हातात पत्र. पत्राच्या कागदाला काळी किनार आहे. शेजारच्या पियानोवर ‘होम, स्वीट होम’ या गाण्याचा कागद उघडा पडला आहे. ज्या मुलींना शिकवायला तिला ठेवलंय, त्या मागच्या बाजूला उन्हात खेळतायत. घरचं कुणीतरी गेलं आणि ती इथे परक्या घरात अडकली, एवढं कळायला चित्राचं शीर्षकही वाचावं लागत नाही.

त्या काळी इंग्लंडमध्ये शोकातल्या पत्रव्यवहारासाठी काळ्या किनारीचे कागद आणि पाकिटं दुकानात विकत मिळत. किनार किती रुंद आहे यावरून दुःख किती जवळचं आणि किती ताजं हेही समजे. आपल्याकडे मृत्यूची बातमी कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडत. असं कार्ड आलं की वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. ज्यांनी ती कार्डं पाहिली आहेत त्यांना रेडग्रेव्हची खूण समजावून सांगायला नको. चित्रातल्या पत्राचा मजकूर बघणाऱ्याला वाचता येत नाही, ही चित्रकाराची कायमची अडचण. काळ्या किनारीनं ती एका रेघेत सोडवली.

व्हिक्टोरियन काळातल्या अशा घरगुती प्रसंगचित्रांना ‘रडकी’ म्हणून हिणवण्याची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. मरणाऱ्या मुलाच्या उशाशी बसलेली आई, जप्ती आलेलं घर, वाट चुकलेली मुलगी: सगळं डोळ्यांत पाणी आणण्यासाठी रचलेलं, असा आरोप. तो मला पटत नाही. या चित्रांतल्या माणसांच्या हातातला कागद तेवढा धरला आणि त्याच्या मागे मागे गेलं, तर वाट टपालखात्यात जाते, कापडगिरणीच्या मालकाच्या दिवाणखान्यात जाते, घटस्फोटाच्या कायद्यापाशी जाते, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागते. घरातलं दुःख या चित्रकारांनी खरंच घराबाहेरून आणलं होतं, आणि ते आणणारा पोस्टमन त्यांना ओळखीचा होता.

पण पत्र चित्रात आलं ते इंग्लंडमध्ये नाही. ते सतराव्या शतकात हॉलंडमध्ये आलं. डच प्रजासत्ताकाची गलबतं जगभर फिरत होती, शहरांतली माणसं लिहायला-वाचायला शिकली होती, आणि गेरार्ड तेर बोर्ख, व्हर्मीर, गॅब्रिएल मेत्सू हे चित्रकार पत्र लिहिणारी आणि वाचणारी माणसं पुनःपुन्हा रंगवत होते. मेत्सूची एक जोडी आता डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आहे, १६६५च्या आसपासची. पहिल्या चित्रात एक तरुण खिडकीशी बसून पत्र लिहितो आहे. दुसऱ्यात एक तरुणी ते पत्र वाचते आहे; उजेड नीट पडावा म्हणून तिनं कागद खिडकीकडे कलता धरला आहे. शिवणकाम मांडीवरच राहिलंय, बोटातलं अंगुस्तान जमिनीवर घरंगळलंय. तिच्यामागे हातात बादली घेतलेली मोलकरीण उभी आहे आणि ती भिंतीवरच्या चित्राचा पडदा सहज बाजूला सारून बघते आहे. पडद्याआड खवळलेल्या समुद्रातली गलबतं आहेत. त्या काळच्या बोधचित्रांच्या पुस्तकांत प्रेमाला समुद्राची आणि प्रियकराला गलबताची उपमा नेहमी दिलेली असे. म्हणजे पत्रात काय आहे ते मेत्सू सांगत नाही, पण भिंतीवर टांगून ठेवतो. चित्रातल्या भिंतीवर दुसरं चित्र लावून गोष्ट सांगण्याची ही युक्ती लक्षात ठेवायला हवी. दोनशे वर्षांनी ती लंडनला निघते.

इंग्लंडचा स्वभाव वेगळा. तिथे चित्रातल्या कागदाला फार काळ गुपित राहता आलं नाही. विल्यम होगार्थच्या ‘मॅरेज आ-ला-मोड’ या सहा चित्रांच्या मालिकेत (१७४३-४५) शेवटी नायिका विष पिऊन मरते, तेव्हा जमिनीवर रिकाम्या बाटलीजवळ एक छापील कागद पडलेला असतो: तिच्या प्रियकराला फाशी झाल्याचा. होगार्थचा हेतू बोचरा होता. बघणाऱ्यानं रडावं असं त्याला वाटत नव्हतं. अश्रूंची दीक्षा पुढे फ्रान्समध्ये चित्रकार ग्रझनं दिली आणि लेखक दिदेरोनं त्याची तारीफ केली. इंग्लंडात या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या त्या स्कॉटलंडच्या डेव्हिड विल्कीनं.

विल्कीला डच चित्रं बघायला मिळाली, हे महत्त्वाचं. नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत युरोपातले संग्रह विकले जात होते आणि लंडनचे दलाल ते आणत होते. १८१४मध्ये प्रिन्स रीजंटनं, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जनं, बेअरिंग घराण्याकडची डच आणि फ्लेमिश चित्रं घाऊक विकत घेतली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश इन्स्टिट्यूशननं तसल्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरवलं. विल्कीचं ‘द लेटर ऑफ इंट्रोडक्शन’ हे १८१३चं चित्र याच हवेतलं. गावाकडून आलेला एक पोरगेला तरुण ओळखीचं पत्र घेऊन एका म्हाताऱ्या श्रीमंतापुढे अवघडून उभा आहे. म्हातारा कागदाऐवजी पोराकडेच संशयानं बघतो आहे, आणि म्हाताऱ्याचा कुत्रा पोराला हुंगतो आहे. विल्की स्वतः १८०५मध्ये अशीच पत्रं घेऊन लंडनला आला होता. नोकरीसाठी चिठ्ठी घेऊन मोठ्या माणसाच्या दारात उभं राहण्याची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला त्या पोराच्या खांद्यांकडे बघवत नाही. १८२२मध्ये विल्कीनं वॉटर्लूच्या विजयाची बातमी वाचणारे पेन्शनर शिपाई रंगवले, तेव्हा रॉयल अकॅडमीत एवढी झुंबड उडाली की चित्रापुढे कठडा बांधावा लागला. राजेरजवाड्यांऐवजी साध्या माणसांच्या प्रसंगांना गर्दी लोटते, हे त्या कठड्यानं सिद्ध केलं.

मग १८४० साल आलं.

त्याआधी इंग्लंडमध्ये पत्राचे पैसे बहुधा घेणारा भरत असे, आणि दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत. गरिबाच्या दारात पोस्टमन आला की आधी धसका खर्चाचा. लेक दूर गावी कामाला गेली की तिचं पत्र सोडवून घेणं म्हणजे एका दिवसाच्या कमाईवर पाणी. रोलंड हिल यांनी १८३७मध्ये पत्रक काढून हा कारभार उलटा करायची मागणी केली, आणि १० जानेवारी १८४० पासून देशात कुठेही अर्ध्या औंसाचं पत्र एका पेनीत जाऊ लागलं. पहिल्याच वर्षात पत्रांची संख्या दुपटीहून वाढली.

याच वळणावर चित्रकारांची नावं टपालाच्या कागदपत्रांत दिसू लागतात. पेनी ब्लॅक हे पहिलं तिकीट सगळ्यांना माहीत असतं. त्याच्यासोबतच, मे १८४०मध्ये, सरकारनं छापील पाकिटंही काढली होती आणि त्यांवरचं चित्र विल्यम मलरेडीनं काढलं होतं. हा मलरेडी त्या काळचा नावाजलेला घरगुती प्रसंगचित्रकार. आदल्याच वर्षी त्यानं ‘द सॉनेट’ रंगवलं होतं: मुलीच्या हातात आपल्या कवितेचा कागद देऊन, ती वाचेपर्यंत तिच्याकडे चोरून बघणारा तरुण. सरकारी पाकिटावर त्यानं मधोमध ब्रिटानिया बसवली, ती चारी दिशांना दूत पाठवते आहे, दोन्ही बाजूंना हत्ती, उंट, परदेशची माणसं, आणि खालच्या कोपऱ्यांत आलेलं पत्र वाचणारी घरची माणसं. लोकांना ते पाकीट एवढं भपकेबाज वाटलं की महिन्याच्या आत त्याची विडंबनं छापून विकली जाऊ लागली. सरकारनं हार मानली, पाकिटं मागे घेतली आणि उरलेला साठा नष्ट केला. मला मात्र ते पाकीट त्या सबंध चित्रपरंपरेचा आराखडा वाटतो. वर साम्राज्य, खाली घर, आणि दोघांमध्ये एक कागद. पुढची पंचवीस वर्षं मलरेडीचे सोबती हेच रंगवत राहिले. फक्त वरचा भाग चौकटीबाहेर ठेवून.

हिल यांच्या हाताखाली टपालसुधारणेसाठी राबलेला एक खटपट्या माणूस होता, हेन्री कोल. १८४३च्या नाताळात शुभेच्छांची पत्रं हातानं लिहिण्याऐवजी त्यानं आपल्या चित्रकार मित्राकडून, जॉन कॉलकॉट हॉर्सलीकडून, एक कार्ड काढून घेतलं आणि छापून विकलं. बाजारात विकलं गेलेलं पहिलं नाताळकार्ड ते हेच. मधे जेवणाच्या टेबलाभोवती आजी-आजोबांपासून पोरांपर्यंत सगळं कुटुंब पेले उंचावून बसलेलं, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारे हात. लहान मूल दारू पितं आहे म्हणून दारूबंदीवाले चिडलेही. हॉर्सली पुढे केंट परगण्यातल्या क्रॅनब्रुक गावी जमलेल्या चित्रकारांत सामील झाला. त्यांचा सगळा व्यवसायच झोपडी, चूल, पाळणा आणि नातवंडं रंगवण्याचा. कोल पुढे साउथ केन्सिंग्टन म्युझियमचा, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचा, पहिला संचालक झाला.

त्या संग्रहालयाला १८५७मध्ये जॉन शीपशँक्स यांनी २३३ तैलचित्रं देऊन टाकली. शीपशँक्स लीड्सचे, घराणं कापडाच्या धंद्यातलं. देणगीची बोलणी जुळवून आणली ती रेडग्रेव्हनं. ‘द गव्हर्नेस’ याच देणगीतून तिथे गेलं. त्यामागची हकीकत मोठी बोलकी आहे. आदल्या वर्षी रेडग्रेव्हनं ‘द पुअर टीचर’ म्हणून हाच विषय रंगवला होता. त्यात ती तरुणी रिकाम्या खोलीत अगदी एकटी होती. शीपशँक्स यांना चित्र हवं होतं, पण तो एकटेपणा त्यांना सोसवेना. म्हणून दुसऱ्या चित्रात उन्हातल्या मुली आल्या. गिऱ्हाइकाच्या मनाला बरं वाटावं म्हणून आलेल्या या मुलींनी प्रत्यक्षात चित्र अधिकच बोचरं केलं, असं मला वाटतं: आता ती तरुणी एकटी नाही, ती माणसांच्या घरात एकटी आहे. रेडग्रेव्हची बहीण जेन गव्हर्नेस होती आणि तरुणपणीच वारली. चित्रातलं दुःख बाजारासाठी बनवलेलं नव्हतं.

पेनीचं टपाल आलं, आणि घरातली माणसंही त्याच सुमारास लांब जाऊ लागली. आयर्लंडचा दुष्काळ, स्कॉटलंडच्या हायलंडमधून उठवलेली गावं, १८५१मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलेलं सोनं. जेम्स कॉलिन्सननं १८५०मध्ये ‘आन्सरिंग द एमिग्रंट्स लेटर’ रंगवलं, परदेशी गेलेल्याला उत्तर लिहायला जमलेलं शेतकरी कुटुंब. थॉमस वेबस्टरनं १८५२मध्ये ‘अ लेटर फ्रॉम द कॉलनीज’. जॉर्ज एल्गर हिक्सनं तर १८६०मध्ये लंडनचं मुख्य पोस्ट ऑफिसच रंगवलं, संध्याकाळी सहाला एक मिनिट कमी असतानाचं. शेवटचं टपाल पकडायला धावणारी गर्दी, रेटारेटी, पाकीटमार, गोंधळ. घराघरांत ज्या पाकिटानं रडं कोसळतं, ते इथून निघतं.

आता ऑगस्टस एगपाशी थांबायला हवं. १८५८च्या मे महिन्यात रॉयल अकॅडमीत त्यानं तीन चित्रं एकत्र मांडली. नाव दिलं नव्हतं. खाली फक्त एका रोजनिशीतला असावा असा मजकूर होता. ‘पास्ट अँड प्रेझेंट’ हे नाव नंतर चिकटलं. पहिल्या चित्रात दिवाणखाना. नवरा खुर्चीत बसलाय, चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं, मुठीत पत्र चुरगळलेलं, आणि बुटाखाली प्रियकराची छोटी तसबीर. बायको त्याच्या पायाशी गालिच्यावर पालथी पडली आहे, जोडलेले हात पुढे. हातातल्या बांगड्या बेड्यांसारख्या दिसतात. सफरचंदाची दोन शकलं: एक टेबलावर, त्यात सुरी खुपसलेली, दुसरं जमिनीवर, तिच्याजवळ. डावीकडे दोन मुली पत्त्यांचा बंगला रचतायत, तो कोसळायला लागलाय, आणि तो उभा आहे बाल्झाकच्या कादंबरीवर. भिंतीवर दोन चित्रं. एकात आदम आणि ईव्ह स्वर्गातून हाकलले जातायत. दुसऱ्यात वादळात सोडून दिलेलं जहाज. मेत्सूच्या भिंतीवरची गलबतं शेवटी इथे येऊन फुटली.

बाकीची दोन चित्रं पाच वर्षांनंतरची, एकाच रात्रीची. माळ्यावरच्या खोलीत वयात आलेल्या त्या दोन बहिणी. बाप मेला आहे. आणि थेम्सकाठी पुलाच्या कमानीखाली ती आई; शालीतून एका तान्ह्या मुलाचे पाय बाहेर आलेले. दोन्ही चित्रांत तोच चंद्र आणि त्याच्याखाली तोच ढग. मुली आणि आई एकाच चंद्राकडे बघतायत आणि एकमेकींना ते माहीत नाही. या चंद्रापाशी टीकाकार नाक मुरडतात. मी अजून मुरडू शकलेलो नाही.

या चित्राला एक तारीख आहे. इंग्लंडचा नवा घटस्फोट कायदा १८५७मध्ये मंजूर झाला आणि त्याचं न्यायालय जानेवारी १८५८मध्ये सुरू झालं. नवऱ्याला घटस्फोट हवा तर बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला हवा तर व्यभिचारासोबत क्रौर्य, परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. ती दोषी ठरली तर मुलांवरचा तिचा हक्क गेल्यात जमा. एगच्या नवऱ्याच्या मुठीतलं पत्र म्हणून नुसतं प्रेमपत्र नाही, तो कोर्टात दाखल करण्याजोगा पुरावा आहे. चित्र बघायला आलेल्या मे महिन्यातल्या गर्दीला हे आपोआप कळत होतं, कारण वर्तमानपत्रं रोज तसल्याच खटल्यांनी भरलेली होती. एगनं बाईला दोष दिला की कायद्याला, यावर आजही वाद घालता येतो. शेवटचं चित्र तिला देऊन त्यानं आपला कल दाखवला, असं मी मानतो.

हिक्सच्या ‘वुमन्स मिशन: कम्पॅनियन ऑफ मॅनहुड’ (१८६३) या चित्रात पुन्हा काळी किनार येते. सकाळचा नाश्ता मांडलेला आहे, टपाल आलंय, नवऱ्यानं एका हातानं डोळे झाकलेत, दुसऱ्या हातात पत्र. बायको त्याला बिलगून वर त्याच्या चेहऱ्याकडे बघते आहे. तिचं काम सांत्वन. तिला स्वतःला काय वाटतं हे विचारायला चित्र थांबत नाही. रंगकाम सुरेख आहे, टेबलावरची भांडी तर हात लावावा अशी. पण रेडग्रेव्हच्या तरुणीला जे स्वतःचं मन होतं ते इथल्या बायकोला नाही, आणि मला हे चित्र म्हणूनच उणं वाटतं.

या करुणेला सीमाही होत्या, हे सांगितलंच पाहिजे. १८५८मध्ये जोसेफ नोएल पेटननं ‘इन मेमोरियम’ मांडलं: १८५७च्या उठावात तळघरात अडकलेल्या इंग्रज बायका आणि मुलं, आणि दारातून आत येणारे हिंदी शिपाई. लोकांना ते बघवेना, म्हणून पेटननं शिपाई पुसून त्यांच्या जागी सुटका करायला आलेले हायलंडर सैनिक रंगवले. त्यानंतर इंग्रज फौजांनी जाळलेल्या गावांतल्या घरांत काय झालं, ते या चित्रपरंपरेत कुणी रंगवलं नाही. काळ्या किनारीचं पत्र तिथून लंडनला येण्याची सोय नव्हती.

शेवट लवकर सांगता येतो. फोटो आले, तार आली, छापील रंगीत पुरवण्यांनी चित्रं घरोघर नेली, आणि १९१४मध्ये कलासमीक्षक क्लाइव्ह बेल यांनी ‘आर्ट’ या पुस्तकात अशा गोष्टी सांगणाऱ्या चित्रांना कलेच्या बाहेर काढलं. ल्यूक फिल्ड्सच्या ‘द डॉक्टर’ या चित्राचं नाव घेऊनच त्यांनी ते केलं. पुढच्या दोन पिढ्यांची अभिरुची त्यावर बसली.

पण त्याआधीच या वंशाची एक फांदी मुंबईत रुजली होती. इंग्लंडच्या सरकारी कलाशाळांचा अभ्यासक्रम कोलच्या हाताखाली रेडग्रेव्हनंच आखला, आणि त्या साउथ केन्सिंग्टन वळणाचं शिक्षण जॉन ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग यांनी १८६५पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणलं. पत्रंही स्वस्त झाली होती. १८५४पासून हिंदुस्थानात अंतर कितीही असो, अर्ध्या आण्यात साधं पत्र जाई, आणि १८७९पासून पाव आण्यात कार्ड. जे. जे.च्या बाहेर वाढलेल्या राजा रविवर्म्यानं १८९०च्या दशकात ‘डिसअपॉइंटिंग न्यूज’ रंगवलं: पत्र हातात घेऊन खिन्न झालेली बाई. जे. जे.त शिकलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांना १८९५मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी काढलेल्या मुंबईच्या बायका-माणसांची चित्रं रंगीत पोस्टकार्डांवर छापून विकली जाऊ लागली. त्या वेळच्या नियमानं कार्डाच्या एका बाजूला फक्त पत्ता लिहायचा असे. त्यामुळे मजकूर चित्राच्याच बाजूला, कडेच्या मोकळ्या पट्टीत बारीक अक्षरांत लिहावा लागे. जागा संपली की लोक चित्रातल्या माणसाच्या कपड्यांवरूनही लिहीत.